पिवळं शोधताना

सकाळी आठला लिफ्टने दोन मजले खाली येतो
बर्फाचा डबा, त्यात अक्रोडाएवढा तुकडा,
गाठीसोबत निघालेला, गाठीच्या पलीकडचा.
नाव नसतं. नियमच आहे तसा.
क्रमांक, वय, आणि खाली देणाऱ्याची संमती :
सत्तावन्न, पुरुष, धूम्रपान नाही,
दारू : कधीतरी.
हे 'कधीतरी' कुणाच्या आवाजातलं, ते फॉर्मवर येत नाही.

मराठीत याला काळीज म्हणतात, मी शेरिलला सांगितलं.
मग हृदयाला?
त्यालाही.
ती इतकी हसली की तिचा चहा सांडला.
तुमचे सर्जन काय करतात गं मग?
म्हटलं, सर्जनचं माहीत नाही,
मिरजेच्या खाटकाने कधी गफलत केली नाही.

निघताना विमानतळावर आई म्हणाली होती,
काळजाचा तुकडा चाललाय माझा.
न्यूकॅसलमध्ये नऊ वर्षं मी तेच करते :
तुकडे. अडीचशे मायक्रॉन जाडीचे,
पात्याचा आवाज डासाएवढा,
एकातून नव्वद निघाले तर दिवस चांगला.

तबकड्या मग डुलत राहतात यंत्रावर,
गुलाबी पाणी इकडून तिकडे,
खाली टाइनला भरती येते-जाते तसं.
सहा दिवस जगतात.
माणसाशिवाय काळीज सहा दिवस जगतं,
उलट जमत नाही.
प्रथिनं बनवत बसतात बिचारे, युरिया काढतात,
ज्याच्यासाठी, तो चौथ्या मजल्यावर
सूप नको म्हणून नर्सशी भांडत असेल.
आपण कापले गेलोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अर्ध्यांना औषध. अर्ध्यांना औषधाविना तेच पाणी.
औषधाला अजून नाव नाही. बारसं लांबच आहे.

अण्णामामांना कावीळ झाली तेव्हा
म्हैसाळच्या पुढे एक बाई ती उतरवून द्यायची.
चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावायची,
काहीतरी पुटपुटायची,
आणि पाणी पिवळं होत जायचं, खरंच व्हायचं,
मी परातीशी उभी होते, नऊ वर्षांची.
मामांचे डोळे तसेच राहिले.
पाणी तर पिवळं झालं होतं की,
मामी म्हणत राहिली, तेराव्यानंतरसुद्धा.
मामा दारूला शिवले नव्हते.
गावाने विचारायचं ते विचारलंच.

आमच्या रंगात उलटं असतं :
पिवळं म्हणजे शाबूत पेशी,
लाल म्हणजे व्रणाचे धागे, काळजाला आतून शिवत जाणारे.
काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात.
मला दिसायला हवं असतं.
म्हणून डॉ. फेनविक काचांवरच्या चिठ्ठ्या झाकतात.
कुठल्या काचेला औषध, कुठलीला पाणी,
मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही.
नवीन मुलांना हा अविश्वास वाटतो, रागावतात.
मी रागावत नाही. मी ती परात पाहिली आहे.

एकशे ऐंशी काचा. मान आखडते.
बावन्न नंबरला जीव थांबला, एवढं पिवळं,
कडेला एखादाच लाल तंतू.
काही न बोलता आकडा लिहिला.

शुक्रवारी चिठ्ठ्या उघडल्या.
बावन्न पाण्याची होती.
एकूणात, फेनविक म्हणाले, फरक नाही,
आणि चष्मा पुसत बसले, स्वच्छ होता तरी.
शेरिलने बिस्किटांचा डबा पुढे केला.
सोमवारी आठला नवा डबा आहे,
बाई, एकेचाळीस.

हातमोज्याला कुठेतरी भोक होतं.
दोन बोटं रंगली होती,
बेसिनमध्ये धरली तर पाणी पिवळं निघालं,
बराच वेळ, फिकं होत.
कशाने होतं ते मला पुरतं ठाऊक आहे,
आम्लाचं नाव, बाटलीचा कप्पा, सगळं.
तरी मी नळ बंद केला नाही.